मुकादम चाचांचं कनेक्शन

आधीच सांगते, माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही. सोसायटीत कुणी म्हणालं की लिफ्ट आपोआप चौथ्या मजल्यावर थांबते, तर मी आधी लिफ्टवाल्याला फोन लावते. त्यामुळे हसायचं तर हसा... घडलं तेवढंच लिहितेय.

राहते कोपरखैरण्याला, नोकरी जुईनगर स्टेशनजवळच्या एका हॉस्पिटलच्या रक्तपेढीत. तिथला डेटाबेस सर्व्हर सांभाळते. कुठल्या कॉम्प्युटरवरून कोण आत आलंय, कुणी एखादी नोंद अडवून बसलंय का – ही यादी दिवसभर माझ्या स्क्रीनवर असते. कुणी अडवून बसलं की मी त्याचं कनेक्शन तोडते.

सगळ्यात जास्त वेळा तोडलं ते मुकादम चाचांचं. आमचे जुने टेक्निशियन, मूळचे रायगडकडचे. नोंद उघडी ठेवायची, उठून पेशंटच्या रक्ताची ट्यूब आणायची, तिच्यावर वॉर्डने पेनाने लिहिलेला नंबर मोठ्याने वाचून स्क्रीनशी ताडायचा, मगच नोंद बंद. तोवर बाकीचे खोळंबलेले. मी वैतागून तोडायचे. मग चाचा दारात हजर.

"पोरी, तोडायच्या आधी एक फोन तरी करत जा."

"चाचा, मग बारकोडचे स्टिकर कशाला लावलेत?"

ते हसत परत ट्यूब आणायला जायचे.

गेल्या वर्षी चाचा हार्ट अटॅकने गेले. त्यांचं लॉगिन मीच बंद केलं. कॉम्प्युटर हार्डडिस्क काढून स्टोअररूममध्ये गेला.

यंदा एका मंगळवारी, दुपारी अडीचला, लॅबमधून टेक्निशियन वृषालीचा फोन. "मॅडम, सुनीता पाटील नावाची पेशंट ऑपरेशन थिएटरात आहे. रक्ताच्या दोन बॅगा लगेच पाहिजेत आणि बॅगा द्यायची स्लिपच निघत नाहीये. कुणीतरी नोंद अडवलीय."

यादी बघितली. लॉगिन चाचांचं. कॉम्प्युटरचं नावही त्यांचंच.

घाबरले, खोटं कशाला बोलू. तरी तोडलं. दोन सेकंदांत परत हजर. परत तोडलं – परत आलं. तिसऱ्यांदा तोडणार होते, पण का कोण जाणे, लॅबला फोन लावला. "वृषाली, कॉम्प्युटर सोड. हाताने स्लिप लिही."

हाताने स्लिप लिहायची तर आमच्याकडे नियम आहे. ट्यूबवरचा पेनाचा नंबर बघायचा आणि सँपल पुन्हा तपासायचं.

पंधरा मिनिटांनी वृषालीचा परत फोन आला. "मॅडम, आज दोन सुनीता पाटील आहेत. ट्यूबांचे स्टिकर अदलाबदल झालेत. आपल्या बाईंचा ग्रुप बी आहे... मी ए देणार होते."

चुकीच्या ग्रुपचं रक्त म्हणजे काय, ते सांगायला नको. बी ग्रुपच्या बॅगा गेल्या. बाई वाचल्या. मी स्क्रीन बघितली तेव्हा यादीत चाचांचं नाव नव्हतं.

नंतर स्टोअररूममध्ये जाऊन आले. कॉम्प्युटरवर धूळ, वायर गुंडाळलेली. सर्व्हरच्या लॉगमध्ये त्या लॉगिनची वर्षभरात एकही नोंद नाही. मी दोनदा कनेक्शन तोडल्याची आहे... कुणाचं, ते नाही. सॉफ्टवेअर कंपनीचा माणूस म्हणाला, स्क्रीनवर जुनी माहिती दिसली असेल. असेलही. पण मग स्लिप कुणी अडवली?

आता कुणाचंही कनेक्शन तोडायच्या आधी मी फोन करते. चाचा होते तेव्हा एकदाही केला नाही, याचं फार वाईट वाटतं.