मुरुड ते दुबई, व्हाया आगरदांडा

माझ्या बायकोच्या मामांइतका मोठ्या आवाजाचा माणूस अख्ख्या कोकण किनाऱ्यावर आजवर झालेला नाही, आणि पुढेही होऊ नये अशी आम्हा सगळ्या नातेवाइकांची मनापासून इच्छा आहे. मामा एसटीत कंडक्टर होते. निवृत्त होऊन सात वर्षं झाली, पण अंगातली एसटी काही उतरायला तयार नाही. आमच्या लग्नात पाहुणे हॉलच्या दारात घुटमळत होते, तर मामा मंगलाष्टकांच्याही वर ओरडले, "चला, पुढं सरका, मधी लई जागा हाय!" आणि शेवटचं मंगलाष्टक संपलं तशी त्यांनी खांबावर दोनदा टणटण केली. मी दचकून बायकोच्या आधी भटजींनाच हार घालायला निघालो होतो. अजूनही आमच्याकडे जेवायला आले की दाराजवळच्या खुर्चीवरच बसतात आणि आत कुणीही आलं की नजरेनं मोजतात. तिकिटाची मशिनं आली तेव्हा भोकं पाडायचा जुना चिमटा मामांनी 'हरवला' असं डेपोत लिहून दिलं. तो हरवलेला चिमटा आजही त्यांच्या खिशात असतो.

असा माणूस रिकामा बसला तर घरच्यांचं काय होईल? मामींनीच आरोग्य केंद्रातल्या सिस्टरांचे पाय धरले, "यांना कायतरी काम द्या हो." सिस्टरांकडे काम होतं. मुरुडमधल्या ज्या पोरांना टीबीच्या गोळ्या चालू होत्या, ती रोज गोळी घेतात की नाही हे बघायला कुणीतरी हवं होतं. सहा महिने रोज गोळी, आणि पोरं ती खिडकीतून फेकण्यात पटाईत. मामांनी दुसऱ्याच दिवशी सगळ्यांना तिकिटं फाडली. पुठ्ठ्याचं तिकीट, त्यावर दिवसांची घरं, गोळी गिळली की चिमट्याचं एक भोक, आणि सहा महिन्यांनी पोरानं स्वतः निवडलेलं गाव. एकाला माणगावला आत्याकडे जायचं होतं. एका चार वर्षांच्या चिरंजीवांना मुरुडहून मुरुडलाच जायचं होतं, तेही तिकीट निघालं. त्याच्या आजोबांना टीबी होता आणि त्याला तो होऊ नये म्हणून आधीच औषध द्यायचं होतं. त्याची आई म्हणाली, "पोरगा धडधाकट हाय, याला कशाला औषध?" मामा म्हणाले, "बाई, शेजारच्या सीटवरचा खोकतोय. खिडकी आत्ता उघडायची का घरी गेल्यावर?" बाईंनी मुकाट्यानं पाण्यात गोळी विरघळवली.

मग आली नाझिया. अकरावीतली पोर, वजन इतकं उतरलेलं की कॉलेजची सॅकच तिला घेऊन चालायची. वडील दुबईत कामाला, घरी ती आणि अम्मी. मामांनी विचारलं, कुठलं तिकीट? म्हणाली, "दुबई." मामा भडकले. "एसटी दुबईला जात न्हाय!" नाझिया म्हणाली, "मग मी पण गोळी घेत न्हाय." तीस वर्षांत एका प्रवाशापुढे मामांनी हार मानली, ती हीच. तिकिटावर लिहिलं, 'मुरुड ते दुबई, व्हाया आगरदांडा'. पहिला महिना आगरदांड्याची जेट्टी, दुसरा खाडीपलीकडचं दिघी, मग तीन महिने नुसतं पाणी आणि सहाव्या महिन्यात दुबई.

तीन महिन्यांत खोकला गेला, गाल वर आले आणि नाझियाला वाटलं, झालं की! पोरगी गोळ्या चुकवायला लागली. सिस्टर मामांना बजावत होत्या की अर्ध्यावर सोडलं तर दुखणं दुप्पट जोरानं उलटेल. बरं, पोर हुशार, मामांची चाहूल लागली की मागच्या दारानं पसार. शेवटी एके दिवशी ती मैत्रिणींबरोबर मासळी बाजारात दिसली. मी मामांच्या शेजारीच सुरमईचा भाव करत होतो. मला कळायच्या आत मामांनी छाती भरून घेतली. "ए दुबईवाली! गोळी राहिली गं तुझी! भर पाण्यात उतरतेस काय?"

सगळा बाजार वळला. मामांच्या गोळ्या कसल्या, हे मुरुडमध्ये शेंबड्या पोरालाही ठाऊक. नाझिया पांढरीफटक पडली आणि पळत घरी गेली. अहो, मामांना तरी काय म्हणावं! दुसऱ्या दिवशी अम्मीनं दार अर्धंच उघडलं. "मामू, पोरगी कॉलेजला जात न्हाय, जेवत न्हाय. गोळी तर बघत पण न्हाय. तुम्ही आता येऊ नका."

ते चार दिवस मामा बोललेच नाहीत. लोक मला विचारायचे, घसा बसला काय? मामींना वाटलं, यांना वारं लागलं. पाचव्या दिवशी सकाळी मामा बाजारातल्या चहाच्या टपरीवर उभे राहिले आणि आगरदांड्याच्या जेट्टीपर्यंत पोचेल अशा आवाजात म्हणाले, "ऐका रे! टीबी मला झालाय. गोळ्या माझ्या हायेत. मी विसरतो, म्हणून नाझियाच्या अम्मीकडं ठेवल्यात. ती पोर मला आठवण करून देते, आणि मी तिच्यावरच ओरडलो. झालं समाधान?"

मी कपाळावर हात मारला. दुपारपर्यंत बातमी गावभर. दुसऱ्या दिवशी टपरीवाल्यानं मामांसाठी टवका उडालेला, बुडाला लाल ठिपका मारलेला कप वेगळा काढला. टीबी कपानं पसरत नाही असं लिहिलेलं सरकारी पोस्टर त्याच टपरीला चिकटवलेलं आहे, पण ते वाचतो कोण? बाकावरचे लोक मामा आले की सरकून बसायचे. मामा खूश, "बघ, न सांगता पुढं सरकतात!" मला हसू येईना. मामा मात्र रोज सकाळी 'आपली' गोळी घ्यायला नाझियाच्या दारात जायचे आणि तोंडातून शब्द न काढता चिमटा दोनदा वाजवायचे. पहिल्या दिवशी दार उघडायला बराच वेळ लागला. पण उघडलं.

चुकलेले दिवस भरून काढून नाझियाचे उपचार संपले. छातीचा फोटो स्वच्छ आला, वजन भरलं. त्याच संध्याकाळी नाझिया सॅक अडकवून टपरीवर आली. "चाचा, एक चहा. मामूंच्या कपात."

"अगं, तो कप वेगळा हाय. मामांना ते..."

"मामूंना काय न्हाय झालं!" आवाज थेट मामांकडून उचललेला. "टीबी मला झाला होता. गोळ्या माझ्या होत्या. मी बरी झाले."

तिनं सॅकमधून तिकीट काढून मामांपुढं धरलं. शेवटचं घर बाकी होतं. मामांनी चिमटा काढला, पण नजर नाझियावरच होती, म्हणून भोक दुबईऐवजी आगरदांड्यावरच पडलं. नाझियानं त्यांचा हात धरून दुसरं पाडलं. माझे डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू?

गेल्या महिन्यात नाझिया खरंच वडिलांकडे गेली. मुंबईच्या गाडीत तिला बसवून मामांनी मागच्या पत्र्यावर टणटण केली आणि गाडी वळणाआड जाईपर्यंत रस्त्यातच उभे राहिले. मग आम्ही टपरीवर आलो. टपरीवाल्यानं त्यांच्यापुढं सगळ्यांसारखा काचेचा ग्लास ठेवला. मामांनी तो बाजूला सारला आणि खिळ्याला टांगलेल्या कपाकडे बोट करून म्हणाले, "त्यात दे." इतक्या हळू आवाजात, की टपरीवाल्याला दोनदा विचारावं लागलं.