गिरीधररावांचा कान

चेन्नईच्या वेस्ट मांबलममध्ये गिरीधररावांच्या घरी दर रविवारी दहाला सहा-सात माणसं जमत आणि प्रत्येकाच्या काखेत एखादी रेकॉर्ड असे. जुन्या रॉक संगीताच्या नादी लागलेल्यांचं हे टोळकं. मूर मार्केटच्या गाळ्यांतून, पदपथावरून, वारलेल्या माणसांच्या कपाटांतून मिळालेला माल इथे यायचा. डीप पर्पल मोठे की लेड झेपेलिन, यावर गिरीधररावांच्या पत्नी अंबुजाबाईंनी केलेली कॉफी निवेपर्यंत वाद चालायचा. नियम मात्र एकच होता. गिरीधररावांनी ऐकून ‘पास’ म्हटल्याशिवाय रेकॉर्डीची अदलाबदल होत नसे.

हा मान त्यांना चेन्नईजवळच्या आवडी गावाने मिळवून दिला होता. तिथल्या कारखान्यात ते अठ्ठावीस वर्षं इंजिनं तपासत होते. कानावर घालायचे मफ त्यांच्या गळ्यात लोंबत असत. कान झाकला तर इंजिनाचा दोष कळत नाही, असं त्यांचं ठाम मत होतं. दोष त्यांना खरोखरच कळायचे. शेजारच्या वर्कशॉपचे फोरमनही बोलावून नेत. घरी तोच कान रेकॉर्डीची खरखर, झिजलेली सुई, डगमगणारी मोटर बसल्या जागी ओळखायचा.

दोन हजार चार साली एग्मोरच्या एका डॉक्टरांनी त्यांच्या हाती कानाचा आलेख ठेवला. रेघ अर्ध्यापर्यंत सरळ जात होती आणि पुढे जिना उतरावा तशी खाली येत होती. उंच स्वर गेलेत, परत येणार नाहीत, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि सहज विचारलं, की सकाळी पाखरांचा आवाज येतो का. मांबलममधली पाखरं कमी झालीत, अशी गिरीधररावांची समजूत होती.

आलेख त्यांनी इन्कमटॅक्सच्या फायलीत घातला आणि कुणाला काही सांगितलं नाही, अंबुजाबाईंनाही नाही. रविवार चालू राहिले. आता ते रेकॉर्ड खिडकीशी तिरकी धरून ओरखडे बघत, खालचे स्वर तेवढे ऐकत, आणि मिटलेल्या डोळ्यांच्या फटीतून इतरांचे चेहरे वाचत. कुणाची भुवई हलली की ‘नापास’. कुणाचीच नाही हलली तर ‘पास’. खिशातला मोबाईल वाजत राहायचा आणि ते हलायचे नाहीत. मंडळी म्हणायची, याला म्हणतात तल्लीन होणं.

अशी दोन वर्षं निघाली.

चंद्रमौळी हे टोळक्यातले सर्वांत जुने, रेल्वेतून निवृत्त झालेले. जेथ्रो टल या बँडची एक ब्रिटिश रेकॉर्ड त्यांच्याकडे पंचवीस वर्षं होती. ती त्यांनी अनिकेतला द्यायचं कबूल केलं, त्याच्या झेपेलिनच्या दोन रेकॉर्डींच्या बदल्यात. अनिकेत सव्वीस वर्षांचा, नाशिकचा, सॉफ्टवेअरमधला. गिरीधररावांना तो काका म्हणे आणि त्यांच्या तंजावरी मराठीवर त्याचा भारी जीव. काका, तुमच्याशी बोलताना आता खलिता येईल असं वाटतं, असं तो एकदा म्हणाला होता. गिरीधररावांनी कॉफीचा डवरा खाली ठेवून उत्तर दिलं, “आम्ही तीनशें वर्षांपूर्वी निघालों. मागें तुम्ही भाषा बदललीत, तें आम्हांस कळविलें नाही.”

त्या रविवारी रेकॉर्ड लागली. उजेडात ती आरशासारखी होती, एक ओरखडा नाही. बासरी सुरू झाली तसे चंद्रमौळी म्हणाले, हा बासरीवाला एका पायावर उभा राहून वाजवतो, तिरुवैयारच्या संगीतोत्सवात याला कुणी बसूसुद्धा दिलं नसतं. सगळे हसले, त्यामुळे चेहरे वाचता आले नाहीत. अनिकेतने मात्र विचारलं, “काका, जरा सळसळ आहे का?”

“तो वाजविणाऱ्याचा श्वास आहे,” गिरीधरराव म्हणाले. “पास.”

मंगळवारी आवडीला जाताना, अंबत्तूर स्टेशनवर गाडी थांबली असता, त्यांना चंद्रमौळींचा जुना प्लेअर आठवला. त्याची सुई उडायची, म्हणून चंद्रमौळींनी तिच्या डोक्यावर चार आण्याचं नाणं पट्टीने चिकटवलं होतं. कित्येक वर्षं ते तसंच होतं. एवढ्या वजनाखाली रेकॉर्ड वरून दिसते नवी, पण आतली रेघ घासून जाते, आणि पहिल्यांदा मरतात ते उंच स्वर. हे दिसत नाही. फक्त ऐकू येतं. दिवसभर त्यांचं कामात लक्ष नव्हतं.

बुधवारी अनिकेतची ईमेल सगळ्यांना आली. बासरी फाटल्यासारखी येते, पण काकांनी पास केली आहे, म्हणजे दोष माझ्या सुईचा. त्याने नवी सुई मागवली होती. शुक्रवारी दुसरी ईमेल: सुई बदलली, वायरी बदलल्या, फ्रिजसुद्धा बंद करून पाहिला. गिरीधररावांनी ती तीनदा वाचली. उत्तर लिहायला घेतलं आणि खोडलं. अंबुजाबाईंनी विचारलं, पोट बिघडलंय का. ते हो म्हणाले, तेव्हा रात्रीच्या जेवणाला ताकभात मिळाला.

शनिवारी अनिकेतचा फोन आला: काका, एकदा येऊन ऐकाच.

अनिकेतच्या वेलाचेरीतल्या फ्लॅटमध्ये खुर्ची एकच होती, ती त्याने त्यांना दिली आणि स्वतः जमिनीवर बसला. ॲम्प्लिफायरची झाकणी उघडायला स्क्रूड्रायव्हर काढूनच ठेवला होता. रेकॉर्ड फिरू लागली. गिरीधररावांना ढोल ऐकू आले, खालची गिटार ऐकू आली. बासरी भिंतीपलीकडे कुणी वाजवावी तशी, आणि तीही अर्धीच.

“हे बघा, इथे,” अनिकेत म्हणाला. “आलं ना?”

एक शब्द पुरेसा होता. ॲम्प्लिफायर म्हटलं असतं, तर पोराने तो उघडला असता आणि महिनाभर खपला असता. रविवार तसाच राहिला असता, त्यांची खिडकीशेजारची मानाची खुर्चीही. त्यांनी स्क्रूड्रायव्हरकडे पाहिलं. 

“काका?”

“मला आलें नाही.”

“अजून मोठा करू?”

“मोठा करून येणार नाही. वरचें कांहीच येत नाही मला. यंत्र तुझें बरें आहे. रेकॉर्ड झिजलेली आहे.”

अनिकेतने सुई उचलली. 

“पण त्या दिवशी तुम्ही श्वास म्हणालात.”

“म्हणालों. ऐकिलें नव्हतें.”

“कधीपासून येत नाही?”

“डॉक्टरांचा कागद दोन वर्षांचा आहे. त्याच्या पूर्वी किती दिवस, तें सांगतां येत नाही.”

अनिकेत चेन्नईला आला त्याला दीड वर्ष झालं होतं. तो उठला, भिंतीशी लावलेल्या रेकॉर्डींसमोर उकिडवा बसला आणि बोटाने कडा मोजू लागला. गिरीधररावांकडे न पाहता म्हणाला, “मग या अकरा? या पण तुम्हीच पास केल्यात.”

“होय.”

“आणि बाकीच्यांच्या?”

“त्यांच्या पन्नासाच्या वर असतील. उद्यां सांगतों सगळ्यांस, चंद्रमौळींच्या देखत. झेपेलिनच्या तुझ्या दोन्ही त्यांच्याकडून परत आणवितों.”

 अनिकेत रागावला होता की नाही, ते गिरीधररावांना त्याच्या पाठीवरून कळेना. त्यांनी खिशातून पेन काढलं आणि टेबलावरच्या पिझ्झाच्या बिलाची मागची बाजू वर केली.

“पहिली लाव,” ते म्हणाले. “काय येतें तें तूं सांग. मी लिहून घेतों.”