उडीला होणारा उशीर

दादा उडी मारतो तेव्हा बघण्यासारखा असतो. म्हणजे उडी टीव्हीतला माणूस मारतो. पण बटण दाबताना आमच्या दादाच्या भुवया, खांदे आणि हातातला रिमोट, सगळंच हवेत जातं. लहानपणी कॅसेटचे गेम खेळताना हेच आणि आता पन्नाशीतही हेच.

ते जुने गेम चालवणारं एम्युलेटर मी नुकतंच लॅपटॉपवर टाकलं आणि टीव्हीला जोडलं. पण उडी उशिरा लागायची आणि माणूस खड्ड्यात.

"झोपाळू आहे तुझं यंत्र!" दादा गरजला. "मी कधीच दाबलं होतं!"

मी पडलो हौशी. टीव्हीचा गेम मोड लावला, बिनतारी रिमोट काढून वायरचा आणला, सेटिंगमध्ये आठवडाभर खुडबुड केली. काल स्वतः खेळून पाहिलं. बोट टेकताच उडी! मोठ्या थाटात रिमोट दादाच्या हाती दिला.

माणूस खड्ड्यात.

पुन्हा खेळताना मी टीव्हीऐवजी दादाकडे बघितलं. खड्डा दिसताच भुवया उडाल्या, खांदे उडाले. अंगठा मात्र मागून आला. मी यंत्रात शोधत होतो तो उशीर तिथे बसला होता. गेल्या वर्षीच्या अर्धांगाच्या झटक्यातून तो पूर्ण बरा झाला, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. तोही.

"अजून उशीर आहे ना रे?" त्याने हळूच विचारलं.

थापा मारताना मी जन्मात कधी अडखळलो नाही. "आहे तर! वायरच भिकार निघाली," म्हणत मी टीव्हीमागे डोकं घातलं आणि धडधाकट वायर बराच वेळ हलवत राहिलो.

"होऊ दे सावकाश," दादा म्हणाला. "मला काही घाई नाही."