आईंनी पावडरचा डबा परत केला, तेव्हा

पाच आठवडे झाले. पिपरी मेघेतल्या माझ्या औषध दुकानाचं शटर वर करत होते, तेवढ्यात नाचणगावहून दिराचा फोन आला. "वहिनी, आई गेली. झोपेतच..." माझ्या सासूबाई एकाहत्तर वर्षांच्या होत्या. आदल्या सकाळी कालव्याच्या रस्त्यानं पाच किलोमीटर धावून आल्या होत्या.

वांगी-टमाटे पिकवणारी ही बाई पंचावन्नाव्या वर्षी धावायला लागली, ती तालुक्यातल्या एका शर्यतीत अनवाणी पहिली आल्यावर. पुढे अंतरं वाढली आणि एक दुखणं मागे लागलं. लांबची शर्यत झाली की तिसऱ्या दिवशी घसा धरायचा, ताप यायचा, आठ दिवस अंथरूण. माझे पती चिडले, "बस झालं आता, धावणं बंद." तेव्हा व्यायामाचं सामान विकणाऱ्या एकानं आईंना अमिनो आम्लाच्या पावडरचा डबा दिला. यानं प्रतिकारशक्ती पडत नाही, म्हणाला. आईंनी दोन शर्यतींना ती नेमानं घेतली. दोन्ही वेळा ताप आलाच.

"तू औषधवाली हायस ना? मंग खरं सांग, हे काम करते का नाई?"

मी आठवडाभर वाचलं. लांब धावल्यावर रक्तातलं ग्लुटामाइन, म्हणजे त्या पावडरीतलंच अमिनो आम्ल, घटू शकतं, हे खरं. पण ते वरून घेतल्यानं आजार टळतो, याचा भक्कम पुरावा मला सापडला नाही. तसंच सांगितलं.

"मंग कायले पिऊन राह्यले मी?" त्या खळखळून हसल्या.

मग मी त्यांच्या सवयी विचारल्या. उपाशीपोटी शर्यत, वाटेत फक्त पाणी, दुसऱ्या पहाटे भाजी घेऊन पुलगावचा बाजार! आम्ही ते सगळं बदललं. आधी पोटभर जेवण, धावताना केळं आणि गुळाचं पाणी, नंतर आठवडाभर पुरती झोप. बाजार दिरानं सांभाळला. आईंना हे बसून राहणंच सगळ्यात जड गेलं.

एकसष्टाव्या वर्षी त्या पूर्ण बेचाळीस किलोमीटर धावल्या. तिसऱ्या दिवशी माझ्यासमोर आ वासून बसल्या, "पाह्य बरं घसा." स्वच्छ होता. दहाव्या दिवशी उरलेला डबा त्यांनी त्या विक्रेत्यापुढे ठेवला. "घे बापा. याच्याबिगर पडले नाई मी आजारी."

"आई, एका शर्यतीनं काही सिद्ध होत नाही," मी म्हटलं.

"मंग अजून धावून पाह्यते ना!"

आणि पुढे नऊ वर्षं लांबच्या शर्यती धावल्या. मधे एकदाच ताप आला, तोही सगळ्या घराला आला तेव्हा. शेवटच्या शर्यतीला माझे पती सायकलवरून सोबत होते... ओरडून ओरडून त्यांचाच घसा बसला.

गेल्या रविवारी आईंच्या आठवणीत गावातल्या अकरा बाया त्याच कालव्याच्या रस्त्यावर धावल्या. मी कधीच धावले नव्हते. बारावी मी होते. दहा किलोमीटर पूर्ण करून आईंच्या ओट्यावर धपकन बसले, तर शेजारच्या काकू म्हणाल्या, "काऊन रडून राह्यली वो?"

"रडत नाही काकू," मी म्हटलं, "जिंकले."