डोहातली दीडशे लिंबं

आमच्या मॅडमइतकं काळजी करणारं माणूस अख्ख्या नाशिक जिल्ह्यात दुसरं नसेल, हे मी छातीठोकपणे सांगते. आणि काळजी म्हणजे काय हे मला कुणी शिकवायला नको. मी काळजीच्याच घरात वाढले. निफाडच्या बाजूला गोदावरी बंधाऱ्यामागं पसरते, तिथं आमची भोयांची वस्ती. आप्पा, म्हणजे माझे वडील, मासे धरतात. मी दहावीत असताना त्यांच्या जाळ्यात माशांपेक्षा प्लास्टिकच्या चिंध्या जास्त यायला लागल्या. आलाच मासा तर पोट प्लास्टिकनं भरलेलं, पण अंगावर मांस नाही. 'खाऊन उपाशी मेलंय हे,' आप्पा म्हणायचे. आई द्राक्षबागेत मण्यांच्या विरळणीला जायला लागली, थोरल्या बहिणीची शाळा सुटली, आणि शिकवायचं तर एकीलाच शिकवायचं, असं घरात ठरलं. ती एक म्हणजे मी. वस्तीतली पहिली पदवीधर. हे मुद्दाम सांगते, कारण पुढं जी फजिती झाली तिच्यात या पदवीचा मोठा वाटा आहे.

पदवीनंतर मी कॉलेजातच मॅडमच्या हाताखाली कामाला लागले. नदीतले प्लास्टिकचे बारीक, डोळ्यांना न दिसणारे कण कुठून येतात, कसे वाहतात आणि कुठं साचतात हे कम्प्युटरवर मांडायचं, म्हणजे मासे वाढतात त्या जागा वाचवता येतील, हे त्यांचं काम. पाण्याचा नमुना घ्यायला जाताना त्या गडद जांभळी सुती साडी नेसायच्या. नेहमी तीच. कारण साधं होतं. कपड्यांचे धागे हवेतून बाटलीत पडतात. सूक्ष्मदर्शकाखाली जांभळा धागा दिसला की तो नदीचा नाही, आपला, हे कळतं. पण आमच्या वस्तीतल्या बायकांनी बाईंचा काहीतरी कडक नवस आहे असं ठरवून टाकलं होतं, आणि माझी आत्या त्यांना वाटेत थांबून नमस्कार करायची. एकदा एक सरकारी साहेब टेरिकॉटचा सफारी घालून पाहणीला आले. मॅडमनी त्यांना खुर्ची दिली, चहा दिला, मान दिला. फक्त पाण्यापासून पन्नास पावलांवर, वाऱ्याच्या खालच्या अंगाला. 'साहेब, राग मानू नका,' त्या म्हणाल्या, 'पण तुम्ही झडता आहात.' नाशिक रोडला स्टेशनबाहेर चहा घ्यायचा तर आधी गाळणी बघायच्या, आणि प्लास्टिकची असली की पर्समधून स्वतःची स्टीलची काढायच्या. चहावाला म्हणायचा, 'ताई, माझ्या गाळणीनं चवीत काही फरक पडत नाही.' 'पडत नाही, हाच तर सगळा त्रास आहे,' मॅडम म्हणायच्या.

कम्प्युटरवर त्यांनी बंधाऱ्यापर्यंतची नदी उभी केली होती: खोली, वळणं, वेग, आणि तिच्यात सोडलेले हजारो ठिपके. एकेक गणित सुटायला दोन-दोन दिवस लागायचे. तेवढा वेळ मॅडम त्या यंत्राजवळ दवाखान्यातल्या नातेवाइकासारख्या बसून असायच्या. मधूनच पाठीवर हात ठेवून ताप बघायच्या. उत्तर चुकलं की त्यांचा जीव भांड्यात पडायचा, कारण चूक शोधता येते. बरोबर आलं की मात्र घास उतरायचा नाही. 'इतकं बरोबर कसं आलं गं? आपण नक्की काहीतरी विसरलोय.' मग आम्ही दोघी काय विसरलो ते शोधत बसायचो आणि डबे तसेच परत न्यायचो.

वस्तीच्या खालच्या अंगाला नदीचा एक डोह आहे. पावसाळ्यात रोहूची, खवलीची पिल्लं तिथं वाढतात. ती जगली तर वस्तीला वर्षभर मासा. डोहाच्या वर तीन ओहोळ नदीला मिळतात. त्यातल्या एकाच्या तोंडाशी उथळ तळं खोदायचं, पाणकणीस लावून पाणी संथ करायचं, म्हणजे कण तिथंच खाली बसतील, अशी योजना होती. परवानगी एकाच तळ्याची, तीही पावसाळ्याआधी. सगळ्यांचं बोट मोठ्या ओहोळाकडं. तो काळा, घाण वासाचा, दिसतोच गुन्हेगार. मॅडमचं गणित मात्र टोमॅटोच्या शेतांतून येणाऱ्या सगळ्यांत लहान, नितळ ओहोळाचं नाव घेत होतं. शेतातला फाटका मल्चिंग पेपर, म्हणजे वाफ्यांवर अंथरायचं प्लास्टिक, आणि झाडं बांधायची प्लास्टिकची सुतळी यांचा चुरा त्यातून येत होता, आणि नदीचं वळण तो चुरा नेमका डोहात लोटत होतं. आप्पांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, 'म्याडम, तुमचं खरं असंल. पन तळं चुकलं तर डोह गेला. आन डोह गेला तर आमाला दुसरं काय येत नाय.' त्या दिवसापासून मॅडमनी दर वाक्याच्या शेवटी 'पण चुकलं तर?' लावायला सुरुवात केली. विचारायला मीही लागले, फक्त मनात.

शेवटी त्यांनी ठरवलं, नदीलाच विचारायचं. तिन्ही ओहोळांत तरंगणारं काहीतरी सोडायचं आणि कुठं जाऊन लागतं ते बघायचं. प्लास्टिकचे चेंडू अर्थातच बाद. थर्माकोल म्हणजे तर शिवी. लिंबं ठरली. कुठलं लिंबू कुठल्या ओहोळाचं हे कळायला खूण हवी, पण तेलरंगाचेही कण होतात. मग मॅडमनी निर्मळ मार्ग काढला: लिंबाला चिरा द्यायच्या आणि मोठ्या ओहोळाच्या लिंबात कुंकू भरायचं, मधल्याच्या हळद, टोमॅटोच्या ओहोळाच्या लिंबात कोळशाची पूड. आम्ही दोघींनी प्रयोगशाळेत बसून दीडशे लिंबं भरली. मॅडम शहरात वाढलेल्या, त्यांना काही खटकलं नाही हे समजू शकतं. मी वस्तीतली पोर, तिठ्यावरचा उतारा ओलांडू नये हे चालायला शिकतानाच शिकलेली. पण मी पदवीधर झाले होते, त्यामुळे मलाही काही खटकलं नाही.

संध्याकाळी लिंबं सोडली. सकाळी आप्पांचा फोन. 'पोरी, डोहावर कुणीतरी लिंबं सोडल्यात. चिरून, आत कुंकू आन काळं भरून. येक-दोन नाय, लय हायेत. कुणी पान्यात उतरंना. भगताला सांगावा धाडलाय. तू घाबरू नको, पन इकडं येऊ नको.'

'आप्पा,' मी म्हणाले, 'ती आम्हीच सोडली.'

मग आप्पा म्हणाले, 'शिकून हेच केलं व्हय?'

मी सगळं सांगितलं तशा मॅडम खुर्चीतून उठल्याच. 'लोक घाबरले असतील गं. आपल्यामुळं.' आणि लगेच, हळूच, 'काळी जास्त आहेत का, विचारतेस?'

आम्ही पोचलो तेव्हा अख्खी वस्ती काठावर होती आणि पाण्यात कुणी नव्हतं. भगतही येऊन बसला होता. मॅडमनी हात जोडले आणि सगळं सांगितलं, कण, ओहोळ, गणित, सगळं. माफी तीन वेळा मागितली. शेवटी आत्या म्हणाली, 'म्हंजी बाई, तुमी करनी नाय केली, गनित केलं.'

'हो.'

'मंग ह्या भगताला काय सांगायचं? सायकलीवर आलाय त्यो उन्हाचा.'

'त्यांना मोजायला बसवू या,' मॅडम म्हणाल्या.

आणि खरंच, समजावून सांगितल्यावरही त्या लिंबांना हात लावायची छाती वस्तीत फक्त भगताचीच होती. तो गुडघाभर पाण्यात उतरला आणि एकेक उचलून पुकारू लागला. 'काळं. काळं. कुंकू. काळं. हळद. काळं.' मी वहीत रेघा मारत होते. मोठ्या ओहोळाची लिंबं बहुतेक मधल्या धारेला लागून पुढं बंधाऱ्याकडं निघून गेली होती. भीतीपोटी कुणी एकालाही शिवलं नव्हतं, त्यामुळं नदीनं जे जिथं ठेवलं ते तिथंच होतं. इतकी चोख मोजणी मॅडमना जन्मात मिळाली नव्हती. तरी त्यांची कुरकुर चालूच: 'लिंबू तरंगतं गं, कण तर बुडतात.' बुडणाऱ्यांचा हिशेब कम्प्युटरनं केला होता, हे त्यांनीच मला शिकवलेलं मी त्यांना सांगितलं. आप्पा काळ्या लिंबांच्या ढिगाकडं बघत उभे होते. म्हणाले, 'खोदू.'

वस्तीनंच तळं खोदलं, टोमॅटोच्या ओहोळाच्या तोंडाशी. त्याच पावसाळ्यात मॅडम निवृत्त झाल्या आणि सिन्नरला बहिणीकडं राहायला गेल्या. सूक्ष्मदर्शक आता त्यांच्या डोळ्यांना झेपत नाही. मोजणी मी करते. पाऊस ओसरल्यावर डोहाच्या पाण्याचे नमुने घेतले, कण मोजले आणि कागद घेऊन एसटीनं सिन्नरला गेले. वाचून दाखवला.

'पुन्हा मोजलंस?'

'तीनदा.'

'दुसऱ्या कुणाकडून?'

'तेही.'

त्यांनी माझा हात धरला आणि नुसत्या बसून राहिल्या. त्यांना असं स्वस्थ बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. त्या एकदम थकलेल्या आणि लहानशा दिसल्या. आणखी एखादी शंका त्यांनी काढावी म्हणून मी वाट बघितली. त्यांनी काढली नाही.

डोहातले कण कमी झालेत. संपलेले नाहीत. पण यंदा रोहूची पिल्लं डोहात जगली, बोटाएवढी झाली, आणि आप्पांनी चिरून बघितलेल्या माशाच्या पोटात शेवाळ होतं.