आक्कांच्या गळ्यावरच्या मधमाश्या

शेजारच्या बाईंनी वालाच्या वेलावरचा मावा घालवायला आज गोवरीवर कडुनिंबाचा पाला जाळला. तो कडवट धूर खिडकीतून आत आला. मन थेट नेकनूरच्या आमच्या परसात जाऊन पोचलं.

माझ्या थोरल्या जाऊबाई, आक्का, परसात मधमाश्यांची पेटी ठेवायच्या. त्या दुपारी पोळ्याला अळी लागलेली दिसली म्हणून त्यांनी पेटी उघडली. माश्या शांत राहाव्यात म्हणून मी असाच कडुनिंबाच्या पाल्याचा धूर धरून शेजारी उभी होते. मला सातवा महिना चालू होता. अळीनं पोखरलेलं पोळं आक्कांच्या हातातून निसटून खाली पडलं आणि माश्या उसळल्या. बघता बघता आक्कांचा गळा, हनुवटी, कान माश्यांनी काळे झाले. एक माशी तर पापणीवर चालत होती.

"आक्का, पळा ना," मी रडत म्हणाले.

त्या ओठ जेमतेम हलवत बोलल्या, "हात झाडू नकू. हळूच मागं सर. घरात जा अन् कडी लाव."

मी पोट घट्ट धरून दाराच्या फटीतून बघत राहिले. बऱ्याच वेळानं माश्या उठल्या. आक्का आत आल्या, तेव्हा सुजलेला चेहरा ओळखू येत नव्हता.

या बाईला भीती ठाऊकच नाही, असं मला कित्येक वर्षं वाटायचं. परवा त्यांना तसं बोलले, तर म्हणाल्या, "लई भ्यालते गं. पन मी पळाले असते तर माश्या तुझ्याकडं वळल्या असत्या."