मेंढरं किती?

राजूरच्या स्टँडवर काकानं माझी बॅग पुण्याच्या एसटीत चढवली आणि खिडकीपाशी येऊन म्हणाला, "बराबर जेवत जा. घाबरू नको, आम्ही हाओत." आईबाप लहानपणीच गेले, तेव्हापासून या चुलत्यानंच मला वाढवलं. त्याच्या मेंढरांमागं हिंडत मी शाळा शिकलो. पुण्यात इंजिनिअर झालो, नोकरी केली, सोडली आणि मेंढपाळांसाठी अ‍ॅप काढलं. कळपाची नोंद करायची, की तेवढे लशीचे डोस घेऊन आमचा माणूस हजर.

अ‍ॅपचा पहिलाच प्रश्न होता, 'मेंढरं किती?' तो मीच लिहिला होता, हे सांगायची आजही लाज वाटते. आमच्यात जित्राब मोजत नाहीत, दृष्ट लागते. कुणी विचारलं तर "हायेत थोडी" म्हणायचं. फारच खोदून विचारलं तर निम्म्याहून कमी सांगायचं. हे मला सहाव्या वर्षी कळत होतं. पुण्यात काचेच्या मीटिंग रूममध्ये 'युजर' आणि 'डेटा' करता करता पार विसरलो. स्क्रीनवर आकडे येत होते आणि आम्ही शहाणे टाळ्या वाजवत होतो.

काकानं चाळीस सांगितली. होती शंभरावर. चाळिसांना लस देऊन आमचा माणूस "बाकीच्यांना पुढच्या खेपेला" म्हणत निघून गेला, आणि त्या खेपेआधीच साथ आली. मी पोचलो तेव्हा मेलेली मेंढरं पुरायला भावकी खड्डा खणत होती. काकू तोंडाला पदर लावून बांधावर बसली होती.

"काका, खरा आकडा का न्हाई सांगितला?" मी विचारलं.

"तू घरचा," तो म्हणाला. "चाळीस म्हणलं म्हंजी किती, ते तुला समजंल वाटलं."

पुढं कंपनीही बंद पडली. लोक विचारतात, स्टार्टअपमधून काय शिकलास? मी 'मार्केट समजून घ्या' असं काहीतरी सांगून विषय बदलतो. माझ्यासारखं गाव सोडून निघालेल्यांना मात्र खरं सांगतो. गाव सुटतं तेव्हा समजत नाही. आपण तिथलेच आहोत या तोऱ्यात आपण हिंडत असतो.

दिवाळीला गेलो होतो. काकानं चार शिव्या हासडाव्यात म्हणून उगाच त्याच्या मागंमागं फिरलो. त्यानं ओसरीवर सतरंजी टाकली.

"बसा," म्हणाला. "चहा घेऊन जा."

या माणसानं जन्मात मला 'अरे'शिवाय हाक मारली नव्हती. त्या घरी मी आता पाहुणा आहे, आणि दुसरं घर मला नाही.